यादीतली टोपी

लग्नाचा सीझन तोंडावर आला होता आणि मल्लिनाथकाकांच्या दुकानातला फोन चार दिवस गप्प होता. काकांचं सोलापुरात टॉवेल-चादरींचं दुकान. त्यांच्या ऑनलाइन जाहिराती आमची एजन्सी चालवते. आठवडाभरात फोन आले नाहीत तर जाहिराती बंद, असं त्यांनी आमच्या सरांना सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. स्क्रिप्ट माझी होती.

थोडं समजावते. लोक काही सर्च करतात तेव्हा आमची जाहिरात दिसते. प्रत्येक क्लिकचे पैसे दुकानदाराला पडतात. ‘चादर कशी धुवावी’ असं शोधणारा काही विकत घेत नाही, म्हणून ‘धुवावी’सारखे शब्द वगळायचे; सर्चमध्ये तो शब्द असला की जाहिरात दिसत नाही. त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. ही यादी मी हाताने करायचे. आठवड्यापूर्वी ते काम स्क्रिप्टला, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमला दिलं. ज्या शब्दावर महिनाभर क्लिक येतात पण वेबसाइटवर एकही ऑर्डर येत नाही, तो शब्द आपोआप यादीत जाणार. यादी मी नजरेखालून घातली होती. त्यात ‘टोपी’ होता. काका टोप्या विकत नाहीत. मला स्क्रिप्टचं कौतुकच वाटलं.

मी ईमेल करते म्हटलं. सर म्हणाले, "काका ईमेल बघत नाहीत. तू जाऊन ये."

काकांनी आधी चहा पाजला, मग सुनावलं. मी लॅपटॉप उघडून यादी वाचू लागले. ‘धुवावी’ला त्यांनी मान हलवली, ‘फुकट’ला हसले. ‘टोपी’ला थांबवलं.

"ही कशाला घातलीस यादीत?"

"तुम्ही टोप्या विकत नाही ना, काका."

"अगं, लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करतात की. टोप्या मी पलीकडच्या दुकानातनं आणून देतो."

"पण त्या शब्दावर एकही ऑर्डर नाही."

"दोनशे टॉवेल कोण बटण दाबून घेतंय, बाई? आधी फोन करणार, कापड कसं हाय विचारणार, भाव पाडणार, मग घेणार. तुझ्या मशिनला फोन ऐकू येतोय व्हय?"

येत नव्हता. यादीत खाली ‘आहेर’ होता, ‘घाऊक’ही होता. मामेबहिणीच्या लग्नात टॉवेल-टोप्यांचा ढीग मीच सांभाळला होता. पण स्क्रीनवर कीवर्ड म्हणून आल्यावर तो शब्द मला ओळखू आला नाही.

तिथेच बसून तिन्ही शब्द यादीतून काढले. वेबसाइटवरच्या फोन नंबरवर कुणी टॅप केलं तर तेही ऑर्डरसारखंच मोजायचं, असं स्क्रिप्टमध्ये घातलं. आणि काकांनी पाहिल्याशिवाय एकही नवा शब्द वगळायचा नाही, हेही ठरलं.

तिसऱ्या दिवशी मी धीर करून त्यांना फोन केला. बिझी. तासाभराने पुन्हा बिझी. संध्याकाळी उचलला.

"पटकन बोल, बाई. सांगोल्याचं गिऱ्हाईक ताटकळलंय."

काही नाही म्हटलं आणि ठेवून दिला. जाहिराती अजून चालू आहेत.

आता नवीन क्लायंट आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुमची गिऱ्हाइकं ऑर्डर देतात कशी? मला स्वतःला फोनवर बोलायला नको वाटतं, म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये फोन नव्हता. हे कारण मात्र मी काकांना सांगितलेलं नाही.