खाली एक, वर एक

चार माणसं रोज एकाच पाण्यात उतरायला लागली, की गोष्टी साठायला वेळ लागत नाही. आमच्या तर इतक्या साठल्यात, की लग्नाच्या पंगतीत कुणी विषय काढला, तर वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन आमच्यापाशीच थांबतो!

आमचा ग्रुप फ्रीडायव्हिंगवाल्यांचा. सिलिंडर नाही, नळी नाही. एका दमात खोल जायचं आणि त्याच दमात वर यायचं. संभाजीनगरला समुद्र नाही, म्हणून लोक हसतात. हसू देत. आमच्यातला प्रत्येक माणूस आजवर आपल्या पायांनी घरी गेलाय, हे मी कॉलर ताठ करून सांगतो.

श्रेय बनकर सरांचं. रिटायर्ड पीटी मास्तर, घराणं पैठणकडचं, शेतकऱ्याचं. त्यांचा पहिला नियम, "एक खाली, तर एक वर. वरच्यानं डोळा हलवायचा नाय!" एकट्यानं बुडी मारली, तर कपडे घालायचे आणि घरी.

आमची सगळ्यात चांगली डायव्हर म्हणजे पुंडलिकनगरची मनीषा. शाळेत शिकवते. तिच्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हे सगळं खुळच वाटायचं. त्यांनी तिला बजावलं होतं, "एक स्पर्धा कर. मेडल आणलं तर पुढं चालू. नाहीतर बास!"

*

आमच्यातल्या प्रशांतनं सरांचा नियम जरा जास्तच मनावर घेतला. सासऱ्यांना घेऊन तो पैठणला गेला. सासरे गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात स्नानाला उतरले, तर हा पँटशर्टासकट शेजारी उभा! सासऱ्यांनी नाक धरून बुडी घेतली आणि आत मनातल्या मनात स्तोत्र सुरू केलं. स्तोत्र जरा लांबलं. प्रशांतनं बगलेत हात घालून त्यांना सरळ वर उचललं.

सासरे ठसकत म्हणाले, "जावईबापू, पुण्य तरी पुरं होऊ द्या की!"

*

डोकं पाण्याबाहेर आलं म्हणजे माणूस सुटला, असं नसतं. कधी कधी वर येऊन एक-दोन श्वास घेतल्यावर शुद्ध जाते. म्हणून वर आलेल्याला आम्ही लगेच विचारतो, "सकाळी काय खाल्लं?" उत्तर बरोबर आलं, की डोकं जागेवर आहे असं समजायचं.

एका रविवारी दुपारी पोहण्याच्या तलावात आमच्यातले कुलकर्णी वकील बुडी मारून वर आले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, काठावर बसल्या होत्या. प्रशांतनं विचारलं, "काय खाल्लं?"

"मिसळ!" वकील फुशारकीनं म्हणाले.

वहिनी ओरडल्या, "अहो, आज चतुर्थी! सकाळपासून यांच्या पोटात काही नाहीये!"

झालं! वकिलांचं डोकं फिरलं समजून प्रशांतनं त्यांना मानेखाली धरून काठावर आणलं, आडवं केलं. खरं सांगावं तर घरी खैर नाही. वकिलांनी विचार केला आणि डोळे मिटून घेतले!

सर त्यांच्या कानाशी वाकले. हळूच म्हणाले, "तर्री जास्त व्हती का?"

बेशुद्ध वकिलांनी मान हलवली.

*

हर्सूलचा एक पहिलवान आला. मोठी छाती, मोठी घाई. बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊ लागला. यानं दम लांबतो असं वाटतं. खरं तर श्वास हवाय हे सांगणारी आतली घंटाच बंद पडते आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो.

सरांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "भाता हायेस का लोहाराचा? बस काठावर!"

पहिलवान बसला. रोज यायचा, रोज विचारायचा, "सर, आज?" सर म्हणायचे, "नाय." एकदा मात्र सरच म्हणाले, "चल, उतर आज." पहिलवान चुळबुळला. "सर, आज नको. सर्दी हाय. नाक चोंदलंय, खाली दाबानं कान मोकळा व्हणार नाय, दुखापत व्हईल."

सरांनी आम्हाला सगळ्यांना हाक मारली. "टाळ्या वाजवा रे! पहिलवान पास झाला!"

*

खोल बुडीचा सराव सरांच्या शेतातल्या विहिरीत. पहिल्या दिवशी मनीषा दोराच्या कडेनं खाली गेली, वर प्रशांत पाण्यात, नजर तिच्यावर. तेवढ्यात शेजारच्या रानातले तात्या डोकावले. पाण्यात पोरगी दिसली, पण वर येईना. "पोरगी पडली!" म्हणत तात्या वस्तीकडं धावले.

मनीषा वर आली, श्वास घेतला, उत्तर दिलं, हसली. तोवर सगळी वस्ती बाज आणि दोर घेऊन हजर! आम्ही परोपरीनं सांगितलं, पण तात्यांनी बाज विहिरीत सोडलीच.

"तात्या, मला पोहता येतं," मनीषा खालून म्हणाली.

"व्हय गं, पण एवढी माणसं आलीत. बस की!"

मनीषा बाजेवर बसली. वस्तीनं तिला ओढून वर काढलं, चहा पाजला. तेव्हापासून आम्ही सरावाला गेलो, की तात्या दोर घेऊन विहिरीवर हजर असतात. असली माणसं आपली आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

*

मग मनीषाची ती एकच स्पर्धा आली. समुद्रावर. दोराच्या टोकाच्या प्लेटवरचा टॅग, म्हणजे खुणेची पट्टी, काढून वर आणायचा. मी आणि सर बरोबर होतो. मनीषा गेली, छान गेली, वर आली, नीट श्वास घेतला. हात रिकामा!

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी तिनं फोनवर फक्त "येतेय" एवढंच कळवलं होतं.

संभाजीनगर स्टेशनवर अण्णा उभे. हातात झेंडूचा हार. आयुष्यभर वाळूजच्या कारखान्यात प्रेसवर काम केलेला माणूस. फार बोलायची सवय नाही.

"मेडल?"

"नाही मिळालं, अण्णा." मनीषा म्हणाली. "टॅग समोर दिसत होता. हात पुरत होता. पण कान मोकळा होईना. दुखायला लागला. मी फिरले."

"हात पुरत होता?"

"हो."

"तरी फिरलीस?"

"हो."

ज्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली होती, त्याच हातानं अण्णांनी हार तिच्या गळ्यात घातला, नीट केला. मग सरांकडं वळून म्हणाले,

"मास्तर, उद्या हिची प्रॅक्टिस किती वाजता हाय?"