धाकटीला सापडलेला काडीकिडा

म्युझियमच्या कीटक विभागात नोकरी करणाऱ्या थोरल्या सुनेला घरात सगळे काडीबाई म्हणत. हे नाव पुतणीनं ठेवलेलं, ती बोबडं बोलायची तेव्हा. काकू दिवसभर काय करते, तर काड्या बघते, एवढंच तिला कळलेलं. तिचं फारसं चुकलंही नव्हतं. वाळक्या काडीसारखे दिसणारे, हलले नाहीत तर फांदीच वाटणारे जे काडीकिडे असतात, त्यांच्यातच काडीबाईंची उभी हयात गेली होती. कप्प्यांमधल्या टाचणी लावलेल्या किड्यांच्या पायांवरची लव भिंगाखाली बघायची, शेजारच्या कप्प्यातल्या भाऊबंदांशी ताडून पाहायची, चित्र काढायचं.

त्यांची एकच इच्छा होती. आजवर कुणीच न नोंदवलेली एखादी तरी जात आपल्याला सापडावी. त्यासाठी त्या जळवांनी भरलेल्या रानांतून हिंडल्या होत्या, ताप अंगावर काढला होता. पण त्यांच्या हाती लागलेला प्रत्येक किडा कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलेला निघे.

त्या वरच्या मजल्यावर राहत. खाली धाकटी जाऊ, आणि रस्त्याच्या बाजूला तिचं केस कापायचं दुकान. धाकटीचं सगळंच सहज व्हायचं. तिनं मातीत खोचलेली फांदी जगायची, काडीबाईंची कुजायची. गाडी चालवायला ती हसतखेळत शिकली. काडीबाईंनी फाटकाचा खांब पाडला आणि नाद सोडला. सासूबाई जेवायला वर असायच्या, पण हात धुतले की गप्पा मारायला खाली. काडीबाई बोलून दाखवत नसत. खालून हसण्याचा आवाज आला की खिडकी तेवढी लावून घेत.

एका सकाळी धाकटी जिना चढून वर आली. तिच्या हातात कंगवा होता आणि कंगव्यावर एक हिरवट काडी पाय पसरून बसली होती.

“ताई, तुमचा पाहुणा आलाय बघा. वाळत घातलेल्या टॉवेलवर बसला होता. चिमटा समजून उचलायला गेले तर चालायलाच लागला!”

काडीबाईंनी चष्मा लावला. मादी होती. डोक्यावर दोन चपटे पापुद्रे, अगदी कानांसारखे. मधल्या पायांवर पानासारखी झालर. त्यांनी हलकेच आखूड पंख उचलला. खाली गंजासारखा तांबूस रंग. असा किडा त्यांनी कप्प्यांत पाहिला नव्हता, पुस्तकात पाहिला नव्हता. 

“भारी आहे का हो?” धाकटीनं विचारलं.

“छे, साधाच आहे,” काडीबाई म्हणाल्या. “ठेव तिथे बरणीत.”

धाकटी गुणगुणत खाली गेली. काडीबाई मात्र खुर्चीत बसून राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी रानं पालथी घातली आणि हिच्या टॉवेलवर तो आपणहून येऊन बसला! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग त्यांनी मनाशी हिशेब मांडला. एक आहे म्हणजे आणखी असणारच. दुसरा आपण शोधला तर शोध आपलाच. त्या दिवसापासून त्या सकाळी मागच्या कुंपणापाशी जाऊ लागल्या. झुडपाखाली छत्री उलटी धरायची, फांदीवर काठीनं टकटक करायचं आणि छत्रीत काय पडतं ते बघायचं. कोळी पडत, मुंग्या पडत, काड्या पडत. त्या काड्या खरोखरच्या काड्याच असत.

धाकटीनं दुकानाच्या मागच्या दारातून पाहिलं. “ताई, काय शोधताय?”

काडीबाईंना पटकन काही सुचेना. “कानातलं पडलंय,” त्या म्हणाल्या.

“अगं बाई! थांबा, मी येते.”

ती आली ती एकटी नाही. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाईक बाईला ओल्या केसांनी घेऊन आली. थोड्या वेळानं सासूबाईही काठी टेकत आल्या. चारी बाजूंनी बायका वाकून पाला उलटतायत, आणि मध्ये काडीबाई छत्री घेऊन उभ्या. ‘थांबा’ म्हणायची सोय नव्हती आणि ‘शोधा’ म्हणायचा धीर नव्हता.

“कानातलं नाही मिळालं,” धाकटी कुंपणाच्या टोकाकडून ओरडली, “पण तुमचा अजून एक काटकुळा मिळाला! हा तर बारीक आहे, आणि उडतो पण!”

नर होता. बारीक, तपकिरी, लांब पंखांचा. आता जोडी पुरी झाली होती, आणि दोन्ही सापडले होते धाकटीलाच. काडीबाईंनी तिच्या ओंजळीतून तो घेतला आणि त्या तडक जिना चढून गेल्या.

मादीनं बरणीत घातलेली अंडी घेऊन त्या कामाला बसल्या. काडीकिड्याचं अंडं बीसारखं दिसतं, त्याला छोटंसं झाकण असतं, आणि जातीजातीत त्याची ठेवण वेगळी असते. हे झाकण कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळत नव्हतं. शंकेला जागाच उरली नाही. आता टाचणीला चिठ्ठी लावायची होती. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला. काडीबाईंनी बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, दोन्ही चिठ्ठ्यांवर. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. “शेवटी तुम्हालाच मिळाला!” ते म्हणाले, आणि घरी फोन लावून बातमीही त्यांनीच देऊन टाकली. काडीबाई हसल्या. घरी येईपर्यंत ते हसू ओठांवर होतं.

फाटकातून आत येताना दुकानातला आवाज कानावर पडला. धाकटी कात्री चालवत कुणाला तरी सांगत होती, “आमच्या ताईंनी नवा किडा शोधलाय. सगळ्या जगात कुणाला माहीत नव्हता!”

“तुमच्याच कुंपणात? मग सापडला कुणाला?”

“ताईंनाच हो. आमचं काय, आम्हाला काडी ती काडीच.”

काडीबाई दारातच थबकल्या. गिऱ्हाईक गेल्यावर आत शिरल्या. धाकटी केस झाडत होती.

“खोटं का बोललीस?”

“कुठे काय बोलले?”

“दोन्ही तूच आणून दिलेस.”

“दिले की. पण ते काय आहेत ते मला कुठे कळलं? तुम्ही ओळखलंत.” मग ती जरा हसली. “आणि कानातलं तुम्ही शोधत नव्हतात, ते मला तेव्हाच कळलं. दोन्ही कानांत होती तुमच्या.”

काडीबाईंचे कान तापले. “मग सगळ्यांना कामाला का लावलंस?”

“तुम्हाला काहीतरी हवं होतं, सांगत नव्हतात. म्हटलं, जास्त डोळे असले तर लवकर मिळेल.”

काडीबाईंना लाज वाटायला हवी होती. आला तो संताप. आपण एवढी वर्षं जळतोय आणि हिच्या गावीही नाही!

“तुला कधी माझा हेवा नाही वाटला?” त्यांनी विचारलंच.

धाकटीचा झाडू थांबला. “वाटतो ना. तुम्ही बोलता तेव्हा घरात सगळे गप्प बसून ऐकतात. मी बोलले की नुसते हसतात.” आणि ती पुन्हा झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी काडीबाईंनी चिठ्ठ्या फाडल्या आणि नव्या लिहिल्या, धाकटीच्या नावाच्या. विभागप्रमुखांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अहो, घरचंच माणूस! काय फरक पडतो?”

“पडतो,” काडीबाई म्हणाल्या. “मला तर फारच पडतो.”

मग त्यांनी वर्णन लिहायला घेतलं आणि त्यात मात्र कुणाला शिरू दिलं नाही. शिंगांसारख्या मिशांचे सांधे, पायांच्या झालरी, पंखाखालचा गंजका रंग, अंड्याचं झाकण, सगळं पुन्हा पुन्हा मोजून, चित्रं स्वतः काढून. जातीचं नाव ठरवायची वेळ आली तेव्हा बराच वेळ पेन हवेत राहिलं. धाकटीचं नाव देता आलं असतं. ते काही त्यांच्या हातून झालं नाही. डोक्यावरच्या पापुद्र्यांवरून त्यांनी ‘कानवाला’ अशा अर्थाचं नाव दिलं.

“माझं नाव दिलंत का?” धाकटीनं विचारलं.

“नाही.”

“बरं केलंत. काटकुळ्याला माझं नाव! माझी कंबर बघा जरा.”

लेख छापून आला. वर्तमानपत्रवाले आले ते नेमके काडीबाई म्युझियममध्ये असताना, आणि फोटो छापला गेला धाकटीचा, हातात टॉवेल धरलेला. सासूबाईंनी तो कापून भिंतीवर लावला. काडीबाईंनी तो कोपऱ्यातून थोडा सुटलेला पाहिला, आणि सुटू दिला.

पुढच्या हंगामात त्या रानात निघाल्या तेव्हा धाकटी म्हणाली, “मी पण येऊ का?” काडीबाई तयार झाल्या. पायवाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना ओली झुडपं. धाकटी उत्साहानं पुढे निघाली, तशी काडीबाईंनी तिचा दंड धरला.

“तू मागून चाल.”

“का?”

“मी म्हणते म्हणून.”

धाकटी निमूटपणे मागे झाली. काडीबाई छत्री उघडून पुढे चालू लागल्या, प्रत्येक फांदीकडे डोळे फाडून बघत.