तपासणीच्या दिवशी घरी ठेवलेली मुलगी

मी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर शिक्षक आहे. घर नाशिकला, शनिवारी दुपारी येतो, सोमवारी पहाटे परत निघतो. गेल्या वर्षी जे केलं, ते बायकोलाही अजून नीट सांगितलेलं नाही.

भाताची कापणी उरकत आली होती. निरोप आला की गुरुवारी तालुक्याचे साहेब इंग्रजी तपासायला येणार, शब्दांच्या जाती विचारणार. आदल्या तपासणीत याच साहेबांनी मुलांदेखत मला विचारलं होतं, "तुम्ही तरी शिकलात का कुठे?" तेव्हापासून शाळेपुढे जीप थांबली तरी छातीत धडधडतं.

मी पुठ्ठ्याची कार्डं केली. बुक, रन, ब्लू, स्लोली, अंडर. चार खोकी मांडली: नाम, क्रियापद, विशेषण, आणि चौथं उरलेल्यांचं. मुलं पळत जाऊन कार्ड टाकायची. सहावीतली एक मुलगी मात्र हाती येईल ते कार्ड क्रियापदाच्या खोक्यात टाकायची. वॉटरसुद्धा.

"अगं, पाणी ही वस्तू ना?"

"पण आणावं लागतं ना, गुरुजी."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. साहेबांनी नेमकं हिलाच उठवलं तर?

तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. तिला गावातच आत्याकडे ठेवा म्हणून दोन वर्षं मी तिच्या वडिलांच्या मागे लागलो होतो. काहीही झालं तरी शाळा बुडायला नको, एवढंच माझं म्हणणं. त्यांनी ऐकलं होतं.

सोबतचे गुरुजी वयाने मोठे. ते म्हणाले, "सर, एवढं काय घाबरता? कच्चा माल आत, पक्का माल पुढे. कोण करत नाही?" म्हणजे कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी बसवायचं.

बुधवारी शाळा सुटताना मी तिला बाजूला घेतलं. "उद्या येऊ नकोस. साहेब येणार आहेत." मान हलवली आणि गेली.

तपासणी छान झाली. साहेबांनी शेरा चांगला दिला, चहाही घेतला. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. सोमवारी तिच्या घरी गेलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "गेली ना सगळी, गुरुवारी मुकादमाच्या जीपनं. पोरीलाबी नेली."

तिसऱ्या रविवारी मोटारसायकल काढली आणि बागांमागून बागा फिरलो. सापडली नाही तर काय, ही एक भीती. सापडली तर तिच्या वडिलांना काय सांगू, ही दुसरी. चौथ्या बागेत ते दिसले. मला बघून हातातली कात्री खाली ठेवली.

"गुरुजी, तुम्हीच नको म्हणला ना तिला? मंग म्हटलं, शाळेलाच नको तर हितं हाताखाली तरी येईल."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ती छाटलेल्या काड्या गोळा करत होती. भारा टाकून जवळ आली.

"साहेब गेले का, गुरुजी?"

"गेले गं. केव्हाच गेले."

"परत आले तर मी घरी राहू?"

मी तिच्या वडिलांसमोरच कबूल केलं, की पोरीची काही चूक नाही. मीच घाबरलो होतो. त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. "बघतो," एवढंच म्हणाले.

बारा दिवस मी रोज दाराकडे बघत शिकवलं. तेराव्या दिवशी आत्या तिला घेऊन आली.

आता पुन्हा तपासणीचा निरोप आलाय. ती अजूनही निम्मी कार्डं चुकीच्या खोक्यात टाकते. सोबतच्या गुरुजींनी विचारलं, "काय सर, यंदा काय करायचं तिचं?"

"पहिल्या रांगेत बसेल," मी म्हणालो. माझा आवाज कापला, तो त्यांनाही ऐकू गेला.