पडझडीची तयारी

विट्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी तिथं आम्ही चौघं जमतो, आणि चौघांनीही क्रिप्टोत पैसे घातलेत. भाव चढला की गप्प बसतो, आपटला की बोलायला लागतो. त्यामुळं किस्से साठतच जातात. मार्केट कधी उलटंल सांगता येत नाही, तयारीत राहायचं, असं प्रत्येकानं ठरवलं होतं. तयारी तर आम्ही लय केली!

* * *

सुभेदार अण्णा फौजेतून रिटायर झालेले. भाव फार पडला की बिगुल वाजंल, असा अलार्म त्यांनी फोनवर लावला.

त्यांचे मेहुणे वारले. दहाव्याला अण्णा वाईला घाटावर गेले. पिंड मांडलेला, कावळा काही शिवेना. सगळे हात जोडून ताटकळलेले. शेवटी एक कावळा पिंडाजवळ उतरला, आणि अण्णांच्या खिशात बिगुल वाजला!

कावळा उडाला तो परत आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

बहीण हळूच म्हणाली, "त्यांचा जीव कशात आडकलाय ते कळंना, दादा. पर तुजा कशात आडकलाय ते कळलं."

* * *

शहाजीबापूंचं उभं आयुष्य कोइमतूरला सोनं गाळण्यात गेलं. मीच त्यांना सांगितलं, "बापू, स्टॉपलॉस लावा. भाव ठराविक खाली आला की आपोआप विकलं जातं. मोठा तोटा टळतो."

लावला. बापू आंघोळीला गेले. तेवढ्यात भाव घसरला, सगळं विकलं गेलं, आणि अंग पुसून येईपर्यंत भाव परत होता तिथं!

बापू ओल्या केसांनीच दुकानात आले. म्हणाले, "सोनं वितळलं तर मुशीत तरी ऱ्हातं रं गड्या!"

* * *

मी घाबरून विकू नये म्हणून फोन बायकोकडं दिला. "पाया पडलो तरी देऊ नको."

मार्केट कोसळलं. मी खरंच पाया पडलो. तिनं नाही दिला. दोन दिवसांत होतं नव्हतं ते मातीत गेलं.

"आगं, माजं ऐकायचं कशाला?" मी ओरडलो.

"लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच तुमी इचार करून कायतरी सांगितलासा!"

* * *

माने सर गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं, "सगळं एकदम घालू नका. थोडी रोकड बाजूला ठेवा. मार्केट पडलं की स्वस्तात घ्यायचं."

मोठी पडझड झाली त्याच आठवड्यात सरांच्या बायकोला हार्ट ॲटॅक आला. सर पुष्कळ दिवसांनी दुकानात आले. अण्णांनी विचारलं, "काय घेतलासा मग, सर?"

"आयसीयूतला बेड."

सर म्हणाले, "ती घरी आली. आपल्या चौघांत फायद्यात गेलेला सौदा तेवढाच."

* * *

बापूंनी नंतर पुन्हा कॉइन घेतले. ज्या एक्स्चेंजवर घेतले तेच बुडालं तर? म्हणून ते स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवले. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. "लिवून ठिवलं तर कुनीबी वाचंल," म्हणून बापूंनी ते पाठ केले.

श्रावणात बापूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

भाव चढत होता. थोरला मुलगा रोज उशाशी वही घेऊन बसायचा. "बापू, पयला शब्द आठवतोय का?" बापूंच्या तोंडून नुसता आवाज यायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. बापूंच्या पत्नी सुमनकाकी पदरानं ते पुसायच्या आणि चमच्यानं पेज भरवायच्या.

आम्ही भेटायला गेलो होतो त्या दिवशी बापूंची जीभ वळवळली. मुलानं पेन उचललं. बापू काकींकडं बघत होते. लय कष्टानं, पण स्पष्ट म्हणाले, "सुमन."

उभ्या जन्मात बापूंनी काकींना नावानं हाक मारली नव्हती. 'आगं' एवढंच.

मुलानं पेन खाली ठेवलं. "ह्ये त्यातलं न्हाई, आई."

काकी म्हणाल्या, "आसू दे. तू लिव."