न कोमेजणारीचं नाव

अरागात्स डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात, कोणाच्या मयताला कोण किती रडलं हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मार्चमध्ये दगडाच्या खाणीत दरड कोसळून मुशेग गेला, तेव्हा त्याची आई अंथारम रडली नाही. दोन दिवस ती शवपेटीजवळ बसली होती आणि आल्यागेल्याला कॉफी मिळाली की नाही ते बघत होती. गावात व्हायची तेवढी कुजबुज झाली. शेजारची पायत्सार तर तोंडावरच म्हणाली, "अगं, पोटचा गोळा गेला तुझा. थोडं तरी रड, बायका बघताहेत."

"येत नाही," अंथारम म्हणाली.

हे खोटं नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. तिची तिलाच थोडी लाज वाटली असती, पण तीही वाटली नाही.

तिच्या नावाचं मात्र गावाला भारी कौतुक. अंथारम म्हणजे न कोमेजणारं. खडकाच्या फटीत उन्हाळ्यात येणारं पिवळं, बारीक फूल. तोडून आणा, पाण्यात ठेवू नका, वर्षभर जसंच्या तसं. अंथारमच्या आधीच्या तिन्ही बहिणी पहिल्या वाढदिवसाआधीच गेल्या होत्या. तिसरीला पुरून परत येताना बापाने वाटेवर या फुलांची जुडी तोडली आणि रिकाम्या पाळण्याला बांधली. बर्फ वितळेपर्यंत तिचा रंग उतरला नाही. पुढच्या मुलीला त्याने डोळे झाकून तेच नाव दिलं आणि ती टिकली. इतकी टिकली की आईबाप, भाऊ, नवरा आणि आता मुलगा, सगळ्यांना तिनेच माती दिली. हे कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात कसं येत नाही, देव जाणे.

ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात, सून सातेनिक बाळंत झाली. मुलगी झाली. बापाचं तोंड न पाहिलेली.

"आई, हिला तुमचं नाव ठेवते," सातेनिक म्हणाली.

"नको."

"का नको? आजीचं नाव नातीला देतातच की."

अंथारमने लोणी घालून शिजवलेल्या पिठाची वाटी सुनेपुढे सरकवली. "खा. गार होईल."

आठवडाभर हेच चाललं. शुक्रवारी कचेरीत नाव नोंदवायचं होतं. बुधवारी पायत्सार समजूत घालायला आली. "अगं, नावच तर मागतेय पोरगी, घर नाही मागत. का एवढी धरून बसलीस?" अंथारमने तिला जर्दाळू दिले आणि वाटेला लावलं. सातेनिक मात्र भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. तिच्या मनातली भीती सरळ होती: नवरा गेला, आता ही पोरही गेली तर? टिकवणारं एकच नाव तिला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी अंथारम टेकडीवर गेली आणि मूठभर फुलं घेऊन आली. बाळंतपणाला चाळीस दिवस झाले नव्हते म्हणून सून घराबाहेर पडत नव्हती. तिच्या तळहातावर एक फूल ठेवून अंथारम म्हणाली, "चुरगाळ."

फूल कागदासारखं वाजलं.

"आज उमललंय हे. आजच असं आहे. हे कोमेजत नाही असं सगळे सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही. हे उमलतानाच वाळलेलं असतं. ओलावा असेल तर कोमेजणार ना? मुशेग गेला आणि मला काही झालं नाही, सातेनिक. मला भूक लागली, मी जेवले. हे तुझ्या लेकीला द्यायचंय? मानुशाक नाव ठेव. ते जांभळं फूल चार दिवसांत मरतं, पण जिवंत असतं."

सातेनिकने फुलाचा चुरा तळहातावरून झटकला. मग म्हणाली, "रात्री तीनदा उठून तिला कोण घेतं? मी रडत असते तेव्हा चूल कोण पेटवतं? रडायला मी आहे, आई. मला राहणारं माणूस हवंय."

अंथारमने उरलेल्या फुलांना दोरा गुंडाळला आणि जुडी पाळण्याच्या दांडीला बांधली. एक काडी बोटात घुसली, तेवढं तिला जाणवलं.

शुक्रवारी ती स्वतः कचेरीत जाऊन नातीचं नाव अंथारम असं नोंदवून आली. त्या दुपारी पोर रडायला लागली ती थांबेचना. दूध घेईना, खांद्यावर राहीना. तिचा चेहरा लालबुंद झाला, गाल भिजले. सातेनिक घाबरून ओरडली, "आई, बघा ना हिला काय होतंय."

अंथारमने नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं. पुसल्यावर अंगठा कपड्याला न लावता ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काही नाही होत," ती म्हणाली. "रडतेय ना, मग बरी आहे."