लोखंड शुक्रवारी चालतं

आमच्या वसईच्या हार्ट क्लिनिकमध्ये फायली कपाटात जातात आणि किस्से माझ्या डोक्यात. कपाट अधूनमधून रिकामं करता येतं, डोकं कुठे नेऊन ओतायचं! मी इथली जुनी सिस्टर, त्यामुळे चहाच्या वेळी सगळे माझ्याच टेबलाभोवती जमतात.

*

पाचूबंदरच्या फिलूमावशी पहिल्यांदा आल्या त्या लेकीच्या, सबीनाच्या, खांद्याला धरून. सगळं आयुष्य मासळी बाजारात गेलं, आता चार पावलांत धाप. हृदयाचं पंपिंग कमी असल्याचं जुनंच दुखणं होतं. पण गोळ्या वेळेवर घेऊनही थकवा वाढतच चालला होता. इस्टर झाला की नातीचं लग्न. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जायचं आणि पहिली कळशी आजीने भरायची, ही त्यांच्या घरची रीत.

"मना विहिरीपर्यंत चालवा, डॉक्टर. बाकी काय नको."

डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं, लोह तर जवळजवळ संपलेलं. मावशींनी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. "सारी जिंदगी कोयता चालवला, बोट नाय कापलं. मंग रगत गेलं कुटं?"

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत, कारण प्रश्न बरोबर होता. आतून कुठे रक्त जातंय का, हे बघायला दुर्बिणीच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंत सबीनाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काही वाईट नाही असं कळलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "रडू दे तिला, सिस्टर. तिचं रगत भरपूर हाय."

*

हृदय कमजोर असलं की पाणी मोजून प्यावं लागतं. सबीना रोज एक बाटली भरून ठेवायची आणि त्याबाहेर थेंब देत नव्हती. तरी मावशींचं वजन वाढलेलं, पाय सुजलेले. सबीनाने मेरीमातेची शपथ घेतली, मावशींनीही घेतली. आता डॉक्टर कोणाला खोटं म्हणणार?

शेवटी मी विचारलं, सकाळी खाता काय? पेज. दुपारी? भात जात नाही म्हणून पेज. आणि रात्री पुन्हा तीच, वाडगाभर.

"पेज म्हंजे जेवन," मावशी मलाच समजावू लागल्या. "पानी कंदी झाली ती?"

*

नाईककाका विरारच्या फुलपाड्याचे, रिटायर्ड हेडक्लार्क. हृदयाचं दुखणं तेच, रक्तही तसंच कमी. पण काका वाचून येणारे पेशंट. रोज बीटचा ज्यूस, खजूर, वर लोहाच्या गोळ्या, आणि काकूंना सगळा स्वयंपाक लोखंडी कढईत करायची ऑर्डर. एवढं करून रिपोर्ट जिथल्या तिथे.

डॉक्टरांनी समजावलं की अशा दुखण्यात तोंडावाटे घेतलेलं लोह अंगी नीट लागत नाही, ते सलाइनमधून शिरेत द्यावं लागेल. काका खट्टू झाले. काकूंचा चेहरा मात्र असा खुलला की बघत राहावं.

"म्हणजे बीट बंद ना?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "अहो, आमचा पांढरा मिक्सर आता कोणाला दाखवायची सोय राहिली नाही."

*

मावशींनाही शिरेतूनच लोह द्यायचं ठरलं. दिवस आला तो इस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार. मी सलाइन लावायला गेले, तर बाटलीतला तांबूस काळा रंग बघून मावशींनी हात पदराखाली घेतला. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, मग रगत कसं चालेल? मी सांगितलं, हे रक्त नाही, लोह आहे. डॉक्टरांनी येऊन सांगितलं. सबीना पाया पडली. मावशी ढिम्म.

शेवटी सबीनाने चर्चच्या फादरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. फादरनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, लोखंड शुक्रवारी चालतं. हात पुढे करा."

मावशींनी क्रूसाची खूण केली आणि हात पुढे केला.

*

पुढच्या काही आठवड्यांत धाप कमी झाली. मावशी सबीनाचा खांदा सोडून चालू लागल्या, आणि लग्नाचं आमंत्रण द्यायला स्वतः जिना चढून आल्या. डॉक्टर म्हणाले, सावकाश चालायचं, दम लागला तर थांबायचं. विहिरीवर जायच्या दिवशी सबीनाने तरीही भाड्याची व्हीलचेअर आणलीच, वर झेंडूची माळ घातली. मावशींनी त्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही.

ऊन रणरणत होतं. पुढे बँड, मागे लुगडं नेसून फिलूमावशी आपल्या चालीने, त्यांच्यामागे रिकामी व्हीलचेअर ढकलत सबीना, आणि आम्ही. डॉक्टर कोट घालून आले होते. अर्ध्या वाटेत ते एका ओट्यावर टेकले, घामाने निथळत.

मावशींनी हात वर करून बँड थांबवला. मागे आल्या, डॉक्टरांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून नीट बघितली आणि सबीनाला खूण केली.

विहिरीवर पहिली कळशी मावशींनी भरली. घरी येताना ती कळशी डॉक्टरांच्या मांडीवर होती, आणि व्हीलचेअर मावशी ढकलत होत्या.