'न्हाय'ची तालीम

माझा नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गारगोटीत उतरला त्या दिवसापासून सगळ्यांचा मेजर झाला. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, हुद्दा कुणी विचारत नाही. मी त्यांना कधी नावानं हाक मारलेली नाही, तेव्हा इथंही 'हे'च म्हणते.

यांची सगळी नोकरी इंधनात गेली. डोंगरावरच्या ठाण्यांना डिझेल आणि रॉकेल पोचवायचं, पिंपं उतरवायची, साठा सांभाळायचा. फोन आला की मी विचारायची, सगळं ठीक हाय न्हवं? पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "व्हय, ठीक हाय." एकदा सुटीवर आले ते पाय ओढत. पाय मोडला होता, प्लास्टर घातलं होतं, ते निघूनही बरेच दिवस झाले होते आणि त्या सगळ्या काळात मला फोनवर ठीक हाय ऐकायला मिळत होतं. निम्मी सुटी संपेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

निवृत्तीनंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचं काम लगेच मिळत होतं. वारणेकडच्या एका कारखान्याच्या गेटवरही बोलावणं होतं. यांना दोन्ही नको होतं. उभा जन्म तेलाच्या वासात गेला, आता लोकांना दार उघडून सलाम ठोकत बसू का, असा त्यांचा सवाल. शेवटच्या वर्षात फौजेनंच यांना सुरक्षिततेचा, म्हणजे कामावर अपघात होऊ नयेत म्हणून काय बघायचं त्याचा, एक कोर्स करू दिला होता. त्याच्या जोरावर यांना तेलविहिरीवर जायचं होतं. जमिनीत खोलवर भोक पाडणारी ती अवाढव्य यंत्रं, ज्यांना रिग म्हणतात, राजस्थानात वाळूत उभी असतात आणि तिथं कामाची सुरक्षितता बघायला फौजी माणसं घेतात. मला हे मनापासून पटलं नव्हतं. इतकी वर्षं लांब राहिलेला माणूस पुन्हा लांबच जाणार. पण गेटवर बसले तर हे आतल्या आत कुढतील, हेही मला दिसत होतं, म्हणून मी तोंड मिटून राहिले.

हे मुलाखतीला पुण्याला गेले आणि तोंड पाडून परत आले. कशी झाली विचारलं तर म्हणाले, ठीक झाली. मी खनपटीलाच बसले तेव्हा खरं बाहेर पडलं. तिथल्या साहेबांनी विचारलं होतं, विहिरीवर गॅसचा वास येतोय आणि तुमचा वरिष्ठ सांगतोय की काम चालू ठेवा, तर तुम्ही काय कराल? हे खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हुकूम आहे तर काम होईल, सर."

मी कपाळावर हात मारला. कोर्समध्ये नेमकं याच्या उलट शिकवलं होतं. रिगवर धोका दिसला की कुणीही काम थांबवू शकतो, झाडू मारणारासुद्धा, आणि त्यासाठी त्याला कुणी बोल लावत नाही. हा नियम यांनी मला घरात धडाधडा म्हणून दाखवला होता. पण समोर साहेब आला की यांच्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं. साहेब माणूस भला असावा. म्हणाला, पुन्हा जागा निघणार आहे, तेव्हा या, पण एवढं एक उत्तर बदलून या. आणि बँकवाले तर उत्तरासाठी घाई करत होते. पुढच्या मुलाखतीपर्यंत थांबतो, एवढंच त्यांनी कबूल केलं.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. न बोलणारी पोरं बोलती करणं हाच माझा धंदा आहे. तेव्हा घरात तालीम सुरू झाली. मी साहेब व्हायचं, उलटेसुलटे हुकूम सोडायचे आणि यांनी नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, चहात मीठ घाला. यांनी घातलं. वर तो चहा पिऊन कपही विसळून ठेवला. दुसऱ्या खेपेला दूध तापत होतं, मी म्हटलं, उतू गेलं तरी गॅस बंद करायचा नाही. हे शेगडीपाशी पहाऱ्याला उभं राहिल्यासारखे उभे राहिले आणि सगळं दूध ओट्यावरून खाली फरशीवर आलं. पुसत मीच बसले. मला इतका संताप आला की मी विचारलं, समोर दिसत असताना एक शब्द तोंडातून का निघत नाही? हे म्हणाले, "त्यो शब्द कधी वापरलाच न्हाय गं."

फोनवरचं ते ठीक हाय कुठून यायचं, ते मला तेव्हा कुठं उमगलं. मी तालीम बंद केली. नशिबात गेट असेल तर गेट, असं म्हणून टाकलं.

मग एका सकाळी नवा सिलिंडर लावला होता. मला शाळेला उशीर होत होता, नाक सर्दीनं चोंदलेलं. मी आतूनच ओरडले, चहा ठेवा लवकर. येऊन बघते तर खिडक्या, दार सगळं सताड उघडं आणि हे सिलिंडरपाशी वाकलेले. मी चिडून लायटर उचलला. यांनी माझं मनगट धरलं.

"न्हाय," ते म्हणाले. "वास येतोय."

मी म्हटलं, मला उशीर होतोय, सोडा. त्यावर घर दणाणेल असा आवाज आला, "न्हाय म्हनलं की!"

सिलिंडरच्या तोंडातली रबराची रिंग फाटली होती. मी बिनचहाची, रागानं फणफणत बाहेर पडले. शाळेच्या फाटकापाशी पोचले आणि मला हसू फुटलं. पोरं माझ्याकडं बघत राहिली.

पुढच्या मुलाखतीत यांना तोच प्रश्न विचारला गेला. हे तेव्हाही खुर्चीतून उठून उभे राहिले, ती खोड जायची नाही. पण उत्तर बरोबर दिलं. बँकवाल्यांना निरोप गेला. पंधरवड्यात यांची ट्रंक पुन्हा माळ्यावरून खाली आली. ट्रंक भरताना मी एकाही वस्तूला हात लावला नाही. मी रागावले होते, आणि खूशही होते.

आता हे काही आठवडे तिकडं असतात आणि तेवढेच घरी. तिकडून फोन येतो. मी सवयीनं विचारते, सगळं ठीक हाय न्हवं? आणि सवयीनं उत्तर येतं.

परवा मी भाजी निवडत होते. फोन आला. कामाचं बोलणं झालं, वाळूचं झालं, जेवणाचं झालं. एक पाइप उचलायचा होता, दोर झिजलेला दिसला म्हणून यांनी काम थांबवलं, साहेबानं पाठ थोपटली, तेही सांगून झालं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. पलीकडं वारा घोंघावत होता.

"न्हाय," हे म्हणाले. "आज करमंना झालंय."

मी भाजी बाजूला सारली. इतक्या वर्षांच्या संसारात माझा नवरा कसा आहे ते मला पहिल्यांदाच कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि जीवही हलका झाला.

"बोला," मी म्हटलं. "मला कुठं जायचं न्हाय."